चूल पुन्हा घरात येतेय, पण धूर कुठून जाणार?

पऱ्हाटी, लाकूड किंवा पेलेटवर चालणारी चूल, शेगडी, बंब घरात बसवायचा विचार असेल, तर वऱ्हाडातल्या घरात आधी काय तपासायचे?

डिसेंबरात सकाळी सहाच्या सुमारास अकोट, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडच्या कुठल्याही गावात शिरा. घराघरावर निळसर धूर दिसतो. कुठे आंघोळीचे पाणी तापत असते, कुठे ढोरांसाठी सरकी शिजत असते, कुठे भाकरी. गॅस बहुतेक घरांत आहे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि त्यानंतर खेड्यातही ओट्यावर शेगडी आली. तरी मागच्या दारची चूल विझलेली नाही. चहा-भाजी गॅसवर आणि पाणी, भाकरी, पाहुण्यांचा मोठा स्वयंपाक चुलीवर, अशी वाटणी झाली आहे. २०२३ च्या मार्चमध्ये घरगुती सिलिंडर अकराशे रुपयांच्या आसपास गेले, तेव्हा ही वाटणी चुलीच्या बाजूने आणखी झुकली.

आता त्यात नवे प्रकार आले आहेत. बाजारात पंखा लावलेले पेलेट स्टोव्ह मिळतात. शहरात नवे घर बांधणारे गच्चीवर किंवा मागच्या अंगणात हौसेने ‘गावची चूल’ बांधून घेतात. चिखलदऱ्याला बंगला असणारे खोली गरम करणाऱ्या परदेशी पद्धतीच्या लाकडी स्टोव्हबद्दल विचारतात. तिन्ही ठिकाणी बसवणारा माणूस बहुधा गवंडी किंवा वेल्डर असतो. त्याला चूल बांधता येते, पण धुराचा हिशेब त्याला कोणी शिकवलेला नसतो.

खोली तापवायचा स्टोव्ह इथे लागतो का?

सरळ सांगायचे तर अकोला आणि अमरावती शहरात नाही. आपली थंडी दोन महिन्यांची, तीही रात्री उशिरा ते सकाळी आठपर्यंत. तेवढ्यासाठी घराच्या छताला भोक पाडून कायमचे धुराडे बसवणे म्हणजे एप्रिल-मेमध्ये त्याच भोकातून ऊन आणि जूनमध्ये पाणी आत घेणे. जाड गोधडी स्वस्त पडते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे, तिथली गोष्ट वेगळी. पण तिथेही एक अडचण आहे. पेलेटवर चालणाऱ्या खोलीच्या हीटरमध्ये दाणे पुढे ढकलणारी मोटर आणि धूर बाहेर फेकणारा पंखा विजेवर चालतो. लाइन गेली की पंखा थांबतो, आतला जाळ मात्र लगेच विझत नाही, आणि धूर खोलीत येतो. इन्व्हर्टर नसलेल्या घरात हे यंत्र घेऊ नये.

म्हणून या लेखात जास्त बोलायचे आहे ते स्वयंपाकाच्या चुलीबद्दल आणि पाण्याच्या बंबाबद्दल. आपल्याकडे जीव जातो तो तिथे.

धूर दिसत नाही तेव्हाच जास्त भीती

चुलीतून दोन प्रकारचे संकट निघते. एक दिसते, डोळ्यांना झोंबते, खोकला आणते. तो धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. हे मृत्यू हळूहळू होतात. न्यूमोनिया, दमा, फुप्फुसाचा जुनाट आजार, हृदयविकार अशा नावांनी ते नोंदले जातात आणि चुलीचे नाव कुठेच येत नाही.

दुसरे संकट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्याला झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात, मग झोप येते. झोपेतच असेल तर त्याला काहीच कळत नाही.

आता यातली खरी गोम बघा. आपण धूर निघायचा थांबला की शेगडी ‘तयार’ झाली असे समजतो. लालबुंद निखारे राहिले की ती घमेल्यात काढून खोलीत आणतो, दार लावतो, पोरांना शेकायला बसवतो. निखाऱ्याला धूर नसतो, पण तो मंद जळताना कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो. म्हणजे जे डोळ्यांना स्वच्छ वाटते तेच बंद खोलीत सर्वांत घातक. कोळशाची शेगडी, गोवऱ्यांचा आर, बंबातले उरलेले निखारे, पेलेट संपल्यावर स्टोव्हच्या तळाशी राहिलेला कोळसा, सगळ्यांना हाच नियम लागू.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळच्या आठ पर्यटकांचा हॉटेलच्या एकाच खोलीत मृत्यू झाला. त्यात लहान मुलेही होती. खोलीत गॅसचा हीटर सुरू होता आणि दारे-खिडक्या आतून बंद होत्या. हीटर गॅसचा असो की घमेल्यातला विस्तव, बंद खोलीत दोघांचा परिणाम एकच. चिखलदऱ्याला हिवाळ्यात फिरायला जाणाऱ्यांनी रूममध्ये शेगडी मागू नये आणि कोणी दिली तरी ती बाहेर व्हरांड्यातच ठेवावी.

जागा ठरवताना आधी कापसाकडे बघा

परदेशातल्या माहितीपत्रकात स्टोव्हपासून पडदे, सोफा, गालिचा किती दूर हवा हे लिहिलेले असते. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, भाव चढण्याची वाट बघत घरातली एक खोली, कधी अर्धे घर कापसाने भरलेले असते. त्याच महिन्यांत चूलही सर्वांत जास्त पेटते. कित्येक घरांत कापसाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात दार नसते, नुसता पडदा असतो.

कापसाची आग इतर आगीसारखी नसते. ठिणगी पडली की वरचा थर भुर्रकन जळतो, आणि विस्तव आत ढिगात शिरतो. वरून पाणी मारले की विझल्यासारखे दिसते, पण आतून तो तासन् तास, कधी दिवसभर धुमसत राहतो आणि हवा लागली की पुन्हा पेटतो. वर्षाची कमाई आणि घर दोन्ही एका ठिणगीच्या अंतरावर. त्यामुळे ज्या घरात कापूस भरायचा आहे त्या घरात आतली चूल त्या महिन्यांत पेटवूच नये. मागच्या सांदवाडीत, कापसाच्या खिडकीपासून आणि कुटाराच्या ढिगापासून दूर, वाऱ्याचा रोख पाहून चूल मांडावी. पूर्ण दार नसेल तर किमान टिनाचे दार बसवून घ्यावे. पडद्याला दार म्हणू नये.

कुडाच्या भिंतींचाही विचार करा. तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या कुडावर माती-शेणाचे लिंपण असते. लिंपण चांगले असेल तोवर भिंत टिकते. चुलीच्या मागे मात्र ती रोज तापते, लिंपणाला चिरा पडतात, आणि चिरेत कोरड्या काड्या उघड्या पडतात. ठिणगी आत गेली तर भिंत आतून पेटते. अशा भिंतीला लागून चूल नको. मागे विटांची स्वतंत्र आडभिंत बांधा. ते जमत नसेल तर टिनपत्रा लावा, पण भिंतीला चिकटवून नाही. मध्ये दोन बोटे मोकळी जागा ठेवा, खालून-वरून हवा खेळू द्या. चिकटवलेला पत्रा उष्णता थेट भिंतीला देतो. मोकळ्या जागेतली हवा ती उष्णता वर घेऊन जाते. लोखंडी स्टोव्ह असेल तर लाकूड, कपडे, पोती यांपासून सगळ्या बाजूंनी तीन फूट अंतर राखावे.

आणखी एक गोष्ट, जी नव्या घरांतही चुकते. गॅस सिलिंडर आणि जमिनीवरची चूल एकाच खोलीत नको. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, फरशीवरून पसरतो आणि खोलगट जागी साचतो. आपली चूल असते कुठे? जमिनीवर. गॅसच्या शेगडीची ओट्यावरची ज्योत उंचावर असते, चुलीचा विस्तव मात्र बरोबर त्या गळतीच्या पातळीवर. पावसाळ्यात चूल आत घेताना हे हमखास विसरले जाते. गॅसचा वास आला तर १९०६ हा गळतीसाठीचा क्रमांक आहे. त्याआधी चुलीवर पाणी, रेग्युलेटर बंद, दारे उघडी आणि विजेच्या बटणाला हात नाही.

धुराडे: इथे पैसे वाचवू नका

धुराडे म्हणजे नुसती नळी नव्हे, ते चुलीचे इंजिन आहे. नळीतली गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या ओढीने चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत येते. नळी जितकी सरळ, उंच आणि गरम, तितकी ओढ चांगली. नळी थंड पडली, वाकली किंवा काजळीने भरली की ओढ संपते आणि धूर उलटा घरात येतो.

म्हणून धुराडे शक्यतो सरळ वर न्या. भिंतीतून आडवे बाहेर काढून मग वर नेणे गवंड्याला सोपे जाते, पण आडव्या तुकड्यात काजळी साचते. वळण टाळता येत नसेल तर काटकोनी कोपर न वापरता तिरके वळण द्या, दोनपेक्षा जास्त नको. नळीचे तोंड छपराच्या वर आले पाहिजे, आढ्याच्याही दोन फूट वर. नाहीतर वारा छपरावरून घसरताना धूर खाली दाबतो. शेजारी दुमजली घर असेल तर ही अडचण वाढते. तिथे आधी चुलीची जागाच बदलून बघा.

नळी कशाची? पीव्हीसीची तर नाहीच. ती वितळते आणि जळताना विषारी वायू सोडते. तरीही बोअरवेलचा उरलेला पाइप धुराड्याला लावलेला दिसतो. जुन्या सरकारी चुलींना सिमेंटचे अॅस्बेस्टॉस पाइप होते. ते घरात असतील तर कापू नका, छिद्र पाडू नका, कारण त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. चुलीला जोडणारा पहिला दोन-तीन फुटांचा तुकडा काळ्या लोखंडाचा किंवा बिडाचा घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा फार तापला की मुलामा जळून त्याची वाफ निघते. वरच्या भागात, जिथे ताप कमी, तिथे तो चालतो.

कवेलूच्या घरात खाली लाकडी फाट्या आणि वासे असतात. उघडी लोखंडी नळी आणि लाकूड यांच्यात दीड फूट अंतर हवे. तेवढी जागा मिळत नसेल तर नळीभोवती मोठ्या व्यासाची दुसरी नळी घालून मध्ये पोकळी ठेवावी आणि त्या ठिकाणचे वासे कापून आडवा टेकू द्यावा. वर्षानुवर्षे तापणारे लाकूड आतून कोळशासारखे होत जाते आणि मग साध्या तापानेही पेट घेते. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ या म्हणण्याला म्हणून फारसा अर्थ नाही. टिनाच्या छपरात भोक नळीपेक्षा मोठे पाडा, वर पत्र्याची कॉलर बसवा. फट बुजवायला साधे एम-सील किंवा रबर नको, ते वितळते. जास्त ताप सहन करणारा सिलिकॉन हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

वर टोपी हवी, पावसासाठी. आणि टोपी घट्ट हवी, वानरांसाठी! छपरावरून उड्या मारत जाणारी टोळी नळीला लोंबकळणार, हे गृहीत धरून नळीला तीन बाजूंनी तारेचे ताण द्या. चिमण्या घरटे करू नयेत म्हणून काही जण टोपीखाली बारीक जाळी लावतात. ती जाळी महिनाभरात काजळीने बंद होते. लावायचीच तर मोठ्या भोकांची लावा.

चूल पेटवायच्या आधी एक साधी चाचणी करा. घराची दारे-खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू करा आणि चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा. तिचा धूर चुलीत ओढला गेला तर ठीक. तो खोलीकडे येत असेल तर तुमचा पंखा धुराड्यावर मात करतोय, म्हणजे चुलीचा धूर आणि त्याच्यासोबतचा विषारी वायू तो घरात ओढणार. अशा घरात चूल पेटलेली असताना पंखा बंद आणि खिडकी उघडी ठेवावी.

चूल बसली, तिथे काम संपले असे नाही

भारत सरकारने १९८३-८४ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ मध्ये तो गुंडाळेपर्यंत देशात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी सुरू केलेल्या अॅप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, या कामात बरीच भर घातली. साचा वापरून घडवायच्या धुराड्याच्या ‘लक्ष्मी’ चुलीसारखे प्रकार तिथून गावागावांत गेले. तुमच्या आजीच्या घरी एखादी निर्धूर चूल असेलच. आणि बहुधा ती मोडलेली किंवा धुराडे काढून टाकलेली असेल.

असे का झाले, याचे उत्तर ओडिशातल्या एका अभ्यासात सापडते. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी तिथे धुराड्याच्या सुधारित चुली दिलेल्या कुटुंबांवर चार वर्षे लक्ष ठेवले. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. नंतर फायदा नाहीसा झाला, कारण लोकांनी चुली नीट वापरल्या नाहीत आणि दुरुस्तीकडे लक्ष दिले नाही. डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, पण या अभ्यासाचा सार कुठल्याही घरातली बाई न वाचता सांगेल. धुराडे साफ कोण करणार, हे ठरले नाही तर ते साफ होत नाही.

तर ते आधी ठरवा. रोज पेटणाऱ्या चुलीचे धुराडे महिन्यातून एकदा झाडायला हवे. लांब काठीला किंवा दोरीला काथ्याचा बोळा बांधून वरून खाली ओढला की काम होते. खाली काजळी काढायला छोटे दार ठेवून घेतले तर दहा मिनिटांचे काम. छपरावर चढायचे काम घरातल्या पुरुषाचे, हेही त्याच बैठकीत ठरलेले बरे. काजळी चिकट, चकाकती, डांबरासारखी दिसली तर तुम्ही ओले लाकूड जाळताय. हा थर पेटला तर धुराड्यातच आग लागते, नळी घरघर आवाज करते आणि लाल होते. तेव्हा नळीत पाणी ओतू नका, ती तडकते. चुलीचे तोंड पत्र्याने बंद करा, हवा तोडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ लावा.

काय जाळता, त्यावर बरेच अवलंबून

पऱ्हाटी हे वऱ्हाडाचे फुकटचे इंधन. ती हलकी आणि भुसभुशीत, त्यामुळे भडकन पेटते आणि लवकर संपते. सतत सारावी लागते. म्हणून बाया तीन-चार फूट लांब पऱ्हाट्या अख्ख्या चुलीत घालतात आणि जळत जातील तशा पुढे ढकलतात. भाकरी थापताना एकदा लक्ष चुकले की पेटते टोक जळून बाहेर पडते, थेट पदराजवळ किंवा शेजारच्या पऱ्हाट्यांच्या भाऱ्यावर. पऱ्हाटी हातभर लांबीची तोडून ठेवा आणि एका वेळच्या स्वयंपाकापुरतीच चुलीजवळ आणा. नायलॉनची साडी चुलीपुढे नको, ती जळताना अंगाला चिकटते.

पऱ्हाटीच्या साठ्याची एक वेगळी भानगडही आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत लपून पुढच्या हंगामापर्यंत टिकते. म्हणून पऱ्हाट्यांचे ढीग शेताच्या बांधावर आणि गावाजवळ साठवू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. २०१७ च्या हंगामात या अळीने काय केले ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणजे जळणाचा ढीग जितका मोठा, तितका धोका दोन्हीकडून.

बाभूळ, कडुनिंबाचे लाकूड तोडल्यावर निदान एक उन्हाळा वाळू द्या. दोन फाटे एकमेकांवर आपटा. टणक आवाज आला तर वाळले, बद्द आवाज आला तर ओले. चूल पेटवायला पन्नी वापरायची सवय मोडा. प्लास्टिक, रंग दिलेले फर्निचर, प्लायवूड आणि फवारणीच्या औषधांची रिकामी खोकी किंवा डबे चुलीत जाता कामा नयेत, कारण त्यांच्या धुरात विष असते. आणि मंद झालेल्या चुलीत वरून राकेल किंवा पेट्रोल ओतू नका. बाटलीपर्यंत ज्योत चढायला एक क्षण पुरतो.

पेलेट स्टोव्ह परवडतो का?

पेलेट म्हणजे पऱ्हाटी, भुसा, टरफले दळून दाबून केलेले करंगळीएवढे दाणे. ते कोरडे आणि एकसारखे असल्याने नीट जळतात. मुंबईची केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्था, सिरकॉट, पऱ्हाटीपासून पेलेट आणि ब्रिकेट करण्यावर काम करत आली आहे. स्टोव्ह घेताना भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३१५२ हे मानक विचारा. त्यानुसार बिनपंख्याच्या चुलीची कार्यक्षमता निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची निदान ३५ टक्के हवी, आणि पंख्याच्या चुलीसाठी धुराच्या कणांची मर्यादा बरीच कडक आहे.

ढोबळ हिशेब असा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली जी उष्णता प्रत्यक्ष भांड्याला लागते, तेवढी मिळवायला साध्या तीन दगडांच्या चुलीवर दोनशे किलोच्या आसपास वाळले जळण लागते. पंख्याच्या चांगल्या स्टोव्हवर सत्तर किलोच्या आसपास. आता तुमच्या गावात पेलेट किलोला कितीला पडतो, तो सत्तरने गुणा आणि सिलिंडरच्या भावाशी ताडून बघा. दहा रुपये किलोने सातशे झाले. बारा रुपयांनी साडेआठशेच्या जवळ गेले. वाहतूक धरली तर फायदा कुठे राहतो?

हे आधी घडून गेले आहे. बीपी कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने ‘ऊर्जा’ नावाचा पंख्याचा पेलेट स्टोव्ह आणला. पुढे तो पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला. महाराष्ट्र आणि दक्षिणेत मिळून चार लाखांच्या आसपास स्टोव्ह खपले. स्टोव्ह चांगलाच होता. पण पेलेटच्या कच्च्या मालाचे भाव चढले, पेलेट महागले आणि घरोघरचे स्टोव्ह माळ्यावर गेले. कंपनीने मग हॉटेलांकडे मोर्चा वळवला. आज तर स्पर्धा आणखी मोठी आहे. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के पेलेट मिसळावेत, असे धोरण केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणले. म्हणजे आपल्या पऱ्हाटीच्या पेलेटला पारससारखे वीज केंद्रही गिऱ्हाईक असू शकते. स्टोव्ह घेण्याआधी वर्षभर पेलेट कोण देणार, हे पक्के करा. दुकानदार ‘मिळतील हो कुठेही’ म्हणाला तर त्यालाच दोन पोती आणायला सांगा.

वापरताना तीन चुका होतात. बहुतेक लहान पेलेट स्टोव्ह एकदा भरून वरून पेटवायचे असतात. मधेच मूठभर दाणे टाकले की धूर उसळतो. ज्योत संपल्यावर तळाशी कोळसा राहतो, तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, म्हणून स्टोव्ह तसाच खोलीत सोडून झोपू नये. आणि पावसाळ्यात पोते जमिनीवर ठेवले की दाणे ओल ओढून फुगतात, भुसा होतात. पाट्यावर, भिंतीपासून दूर, झाकण असलेल्या पिंपात ठेवा. पंखा आहे म्हणून धुराडे नको, असेही नाही. निदान समोरासमोर दोन खिडक्या तरी उघड्या हव्यात.

सल्ला हवा असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जा स्रोतांचा विभाग आहे. तिथे चौकशी करता येते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी मात्र उत्तर एका शब्दात: नको.

बंब न्हाणीत नको

तांब्याचा बंब ही फार हुशार वस्तू. मधोमध धुराची नळी, भोवती पाणी, त्यामुळे मूठभर काड्यांत बादलीभर पाणी कडकडीत. पण जागा वाचवायला तो न्हाणीत ठेवला, दार लावून माणूस आंघोळीला बसला, खिडकी पोत्याने बंद, तर चार बाय पाचच्या खोलीत विषारी वायू भरायला वेळ लागत नाही. शहरातल्या गॅस गिझरने बाथरूममध्ये जीव जातात, त्याचे कारणही हेच. बंब सांदवाडीत, पत्र्याखाली ठेवा आणि पाणी बादलीने आत न्या. पाणी भरल्याशिवाय पेटवू नका, सांध्याचा डाग सुटतो. झाकणावर दगड ठेवू नका, वाफेला वाट हवी.

कोणी बेशुद्ध पडले तर

घरात चूल पेटलेली असताना एकापेक्षा जास्त जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळू लागले, तर ते जेवणाने झाले असे समजू नका. दारे उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाला काढायला जाताना आधी बाहेरून दार-खिडकी उघडा, नाहीतर काढणाराही तिथेच पडतो.

कोरोनाच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे दगा देतो. ऑक्सिजन चिकटलेले रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त यांतला फरक त्याला कळत नाही, तो ९८ दाखवत राहतो. आकडा बघून घरी थांबू नका. दवाखान्यात मास्कने भरपूर ऑक्सिजन देणे हाच पहिला उपचार. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. डॉक्टरांना ‘खोलीत शेगडी होती’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. ते सांगितले नाही तर निदान चुकू शकते.

कार्बन मोनॉक्साइडचा गजर बॅटरीवर चालतो आणि ऑनलाइन मिळतो. धूर ओळखणारा गजर वेगळा असतो, त्यामुळे घेताना नाव नीट वाचा. तो चुलीच्या अगदी वर न लावता एक ते तीन मीटर अंतरावर, आणि झोपायच्या खोलीत उशीच्या उंचीला लावा. भाजले तर वीस मिनिटे वाहते थंड पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नको.

आणि राख. वरून थंड, पांढरी दिसणारी राख आत तीन-तीन दिवस विस्तव धरून ठेवते. ती प्लास्टिकच्या टोपल्यात किंवा उकिरड्यावर कुटाराशेजारी टाकू नका. टिनाच्या डब्यात, वर झाकण, घराबाहेर, दगडावर. चौथ्या दिवशी हात घालून बघा, मग वांग्याच्या आळ्यात टाका.